तुम्ही विचारलंत म्हणून : नवरीला दोन शेड वर का घेत नाही?

नवरीच्या मेकअपची ट्रायल संपत आली की मुलीची आई, मावशी नाहीतर आत्या खुर्चीजवळ येते आणि हळू आवाजात विचारते, "ताई, छान झालंय. फक्त दोन शेड वर घेता येईल ना?" दोन शेड वर म्हणजे मुलीच्या मूळ रंगापेक्षा दोन पायऱ्या गोरा बेस, म्हणजे फाउंडेशन. मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न येतोच, "का हो? बाकीच्या तर करून देतात." गडबडीत दरवेळी अर्धंच उत्तर देणं होतं, म्हणून आज बसून सगळं लिहिते आहे.

मीही करून द्यायचे. सुरुवातीची काही वर्षं जो सांगेल तसा रंग लावला. मग एक लग्न आलं. मे महिना, पत्र्याच्या छताचं कार्यालय, दुपारचा मुहूर्त. मुलगी सावळी, तुकतुकीत कातडीची. "फोटोत उठून दिसली पाहिजे," असं तिच्या आत्यानं बजावलं होतं. मी गोरा बेस लावला, वरून पावडर थापून बसवला. मुलगी आरशात बघत राहिली, बोलली काहीच नाही. अंतरपाट धरेपर्यंत तिला घामाच्या धारा लागल्या. मुंडावळ्यांची दोरी जिथे कपाळाला घासत होती, तिथला बेस निघाला आणि पांढऱ्या कपाळावर तिच्या खऱ्या रंगाची रेघ उमटली. मी टिश्यू घेऊन बोहल्याच्या कडेला उभी होते, पण अक्षता पडत असताना पुढे कशी जाणार? मेंदी रंगलेले, हिरवा चुडा भरलेले हात ती पदराखाली घेऊन बसली, कारण हात एका बाईचे आणि चेहरा दुसरीचा दिसत होता. पाठवणीला ती आईच्या गळ्यात पडायला झेपावली आणि मध्येच थांबली. आईच्या नव्या साडीला पांढरं लागेल म्हणून. आपल्या आईला मिठी मारताना तिला माझ्या बेसचा विचार करावा लागला. त्या दिवसानंतर मी दोन शेड वर घेणं सोडलं.

कामाच्या अंगानंही ते चुकीचंच आहे. आपल्या सावळ्या रंगात पिवळी नाहीतर लालसर झाक असते. त्यावर गुलाबी-पांढरट बेस चढवला की चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो. पावडरीत टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असेल तर फ्लॅश पडताच चेहरा पांढराफटक उठतो. म्हणून मी मुलीला उजेडाच्या खिडकीशी बसवते, जबड्यावर तीन रेघा ओढते आणि जी रेघ दिसेनाशी होते ती तिची शेड. मानेला आणि हातांनाही तीच.

आणि हे उजळवणं फक्त नवरीचं. इतक्या वर्षांत नवऱ्या मुलाला दोन शेड वर घ्या म्हणून कुणी आलेलं नाही. पुरुषांसाठी गोरेपणाचं क्रीम २००५ पासून बाजारात आहे, मोठ्या नटांनी त्याच्या जाहिराती केल्या, तरी स्थळ बघताना रंग विचारला जातो तो मुलीचाच. गोरी, निमगोरी, गव्हाळ, आणि मग "सावळी पण नाकीडोळी नीटस". त्या "पण"चं ओझं मुलगी शाळेपासून वाहते. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली. तिच्या जाहिरातींत मुलीचा रंग उजळला की नोकरी मिळायची, लग्न ठरायचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शनं झाली, तेव्हा कंपनीनं नावातलं फेअर काढून ग्लो घातलं. लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या वेबसाइटनंही त्याच वर्षी रंगानुसार स्थळ गाळायची सोय काढली. बरं झालं. पण माझ्या खुर्चीजवळ येणारा प्रश्न तोच राहिला, फक्त आता "गोरी करा"ऐवजी "ग्लो आणा" म्हणतात.

टीव्हीबद्दल तर मला फार वाईट वाटतं. सावळ्या नायिकेची एक मराठी मालिका घराघरांत गाजली, आणि तिची भूमिका उजळ अभिनेत्रीनं चेहरा मेकअपनं गडद करून केली. हिंदी सिनेमातही हेच चालतं. त्या अभिनेत्रींच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण सावळ्या मुलीची गोष्ट सांगायची आणि काम सावळ्या मुलीला द्यायचं नाही, हे मला पटत नाही. आया आजही मुलीचं कौतुक करताना म्हणतात, "सावळी आहे, पण स्मिता पाटीलसारखी दिसते." १९७० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी ती तरतरीत मुलगी त्यांच्या मनात बसली आहे. स्मिता पाटील १९८६ मध्ये गेल्या. इतक्या वर्षांनी दुसरं नाव पटकन ओठांवर का येत नाही? नाटकाच्या स्पर्धांतून किती सावळ्या मुली जीव तोडून काम करतात, मी त्यांचा मेकअप केलेला आहे. त्या पुढे कुठे जातात?

माझ्या पेटीपुरतं सांगायचं तर फरक पडलाय. पूर्वी बाजारात बहुतेक शेड गोऱ्या आणि गव्हाळ रंगाच्याच मिळायच्या, गडद शेड आम्ही दोन-तीन बाटल्या मिसळून तळहातावर तयार करायचो. २०१७ साली रिहाना या गायिकेच्या कंपनीनं एकदम ४० शेड बाजारात आणल्या. काळ्या बायकांना आपला रंग दुकानात मिळाला आणि गडद शेड भराभर संपल्या. मग बाकीच्या कंपन्यांनाही शेड वाढवाव्या लागल्या. त्याचा फायदा इकडे माझ्या खुर्चीत बसणाऱ्या मुलींना झाला.

मुलीही बदलल्या आहेत. परवा एकीनं बसल्या बसल्या सांगितलं, "मला माझ्याच रंगाची ठेवा." तिची आई मागे उभी होती. "थोडी तरी उजळ करा हो, एकदाच होतं लग्न," म्हणाली. मुलगी काही बोलली नाही, फक्त हात माझ्यापुढे धरला. मी हातावर रेघ ओढून शेड जुळवली, चेहरा केला, नथ चढवली. मग आईंना बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या. त्यांना खिडकीकडे वळवून जबड्यावर तीन रेघा ओढल्या. मधली दिसेनाशी झाली. मघाचीच बाटली मी पुन्हा उघडली. आईंनी ती माझ्या हातातून घेतली, तळाशी लिहिलेला नंबर वाचला आणि विचारलं, "हिचाच?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी बाटली परत दिली आणि डोळे मिटून चेहरा पुढे केला.