आवाज बंद करून पाहिलेला टीव्ही

मी कागदोपत्री पोर्तुगीज. आजोबा १९६१ च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना, तिथल्या पेडण्यात जन्मले, म्हणून त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात चढली, मग बाबांची, मग माझी. नोकरीसाठी इथे लिस्बनला आले आणि लग्न केलं उत्तरेकडच्या ब्रागा शहरातल्या मुलाशी. पण पोर्तुगीज असणं म्हणजे काय, ते फेब्रुवारीत लेक झाल्यावरच खरं कळलं.

सरकारी बाजू सोपी निघाली. जन्माची नोंद हॉस्पिटलमधल्याच काउंटरवर झाली. आडनावं किती लावणार, एवढंच त्या बाईंनी विचारलं. इथे चारपर्यंत चालतात, रिवाजाने आईचं आधी, बापाचं शेवटी. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणीला पाठवतात, ते आरोग्य केंद्रात उरकलं. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, मात्र २०१६ पासून सरसकट देत नाहीत, जोखीम असलेल्या बाळांनाच देतात. हे ऐकून आई फोनवर इतकी हादरली की मला नर्सला दोनदा विचारून यावं लागलं.

रजेचं गणित आम्ही बाळ व्हायच्या आधीच मांडलं होतं. एकटीने १२० दिवस घेतले तर पूर्ण पगार, १५० घेतले तर ८० टक्के. पण माझ्या १२० नंतर बापाने एकट्याने ३० दिवस बाळ सांभाळलं, तर १५० दिवसांनाही पूर्ण पैसे मिळतात. बापाची स्वतःची २८ दिवसांची सक्तीची रजा वेगळी, ती पहिल्या सहा आठवड्यांत संपवायची. आम्ही वाटून घ्यायचं ठरवलं. दोन्हीकडच्या आज्यांना हे काही पटलं नाही.

दोन्ही आज्या एकमेकींशी भांडतील, अशी माझी अटकळ होती. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं सगळ्यावर एकमत! बाळाला वारा लागता कामा नये. सासूबाई खिडकीची फट दिसली की उठतात, आई व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न कानटोपीचा विचारते. बाळंतिणीने गरम खावं: सासूबाई चिकनचं सूप पातेलंभर करून ठेवायच्या, तिकडून अळिवाची पुडी आणि डिंकाचे लाडू कुरियरने यायचे. एकदा बाळाला उचकी लागली. सासूबाईंनी स्वतःच्या लोकरी जाकिटाचा एक तांबडा धागा ओढला, जिभेवर ओला केला, गोळी वळली आणि बाळाच्या कपाळाला चिकटवली. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोनमधून आई म्हणाली, "असू दे गं, आतडी वाढताहेत तिची. पण धागा तेवढा स्वच्छ होता ना?" उचकी थांबली. ती तशीही थांबणारच होती, पण श्रेय धाग्याला गेलं. आता ब्रागाहून येताना सासूबाई तेच जाकीट घालून येतात.

संध्याकाळी सातच्या सुमाराला सासूबाईंचा 'प्रेसू सेर्तू' चुकत नाही. वस्तूची किंमत ओळखायचा खेळ आहे, २००३ पासून फेर्नांदू मेंदिश तो चालवतो. स्पर्धक गावाहून त्याच्यासाठी सॉसेज, वाइन, केक असं काय काय घेऊन येतात, जत्रेला निघाल्यासारखे. आठच्या बातम्यांपर्यंत सासूबाई किंमती ओरडून सांगतात. बाळ झोपल्यावर ओरडणं बंद, आवाज बंद. मग त्या बोटांनी आकडे दाखवतात. वॉशिंग मशीनच्या बाबतीत त्यांचा अंदाज भयंकर अचूक आहे.

आवाज बंद ठेवायची ही सवय पुढे माझ्या फार कामाला आली. पोर्तुगालमध्ये मुलांचे कार्यक्रम सोडले तर परदेशी मालिका-सिनेमे डब करत नाहीत, खाली पोर्तुगीज अक्षरं येतात. रात्री आरटीपी दोन या सरकारी वाहिनीवर युरोपातल्या मालिका लागतात. बाळ अंगावर, रिमोट हातात, पडद्यावर कुणी डॅनिश पोलीसबाई मुक्याने संशयितावर डाफरते आहे. डॅनिश मला येतच नाही, तेव्हा आवाज गेल्याने माझं काय बिघडलं? मी फक्त वाचत होते. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, म्हणून माझं पोर्तुगीज बाजारापुरतंच राहिलं होतं. क्लासने जमलं नाही ते या अक्षरांनी जमवलं. वकील, जामीन, शवविच्छेदन हे शब्द मला आता तोंडपाठ आहेत. बालरोगतज्ज्ञाशी बोलताना त्यांचा उपयोग नाही, हे खरं.

पुस्तकांचे मात्र हाल झाले. रजेत सारामागु वाचायचा, असा माझा बेत होता. नोबेलवाला लेखक, नवऱ्याच्या कपाटात ओळीने लावलेला. पण त्याचं वाक्य पानभर चालतं, संवादाला अवतरणचिन्ह नाही. मध्येच दूध पाजून परत आलं की कोण कुणाशी बोलतंय याचा पत्ता लागत नाही. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईसाठी हा लेखक नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यापेक्षा आईने लाडवांबरोबर कोंबलेले जुने दिवाळी अंक बरे. एका पाजण्यात एक कथा संपते. रात्री दोनला मी अंक मिटायचे तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असायचे. आई चहा पीत विचारायची, "कुठली वाचलीस? शेवट आवडला?" तिला सगळ्या कथा आठवत होत्या. आमचं इतकं बोलणं लग्नाआधी घरात असतानाही झालं नव्हतं.

माझी रजा संपत आली तेव्हा लिस्बनच्या एदुआर्दू सातवे उद्यानात पुस्तकांची जत्रा भरली होती. १९३० पासूनची जत्रा, पण जागा उतारावर. बाबागाडी वर ढकलताना दम निघतो आणि खाली येताना नवरा ब्रेक धरून चालतो. लेकीसाठी जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक घेतलं. तिने त्याचा कोपरा तिथेच चोखायला घेतला.

आता मी कामावर जाते आणि नवरा घरी आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज दोन तास कमी काम करता येतं, पण ते कुणी आपणहून सांगत नाही, अर्ज द्यावा लागतो. पाळणाघर १ सप्टेंबर २०२१ पासून जन्मलेल्या मुलांना फुकट आहे. जागा मिळणं ही वेगळी गोष्ट. पोटात असतानाच नावं घालून ठेवा, हा सल्ला आम्हाला शेजारणीने दिला, म्हणून निभावलं.

आईला अजून हे झेपलेलं नाही. रोज विचारते, "जावईबापूंना महिनाभर रजा? तिथली हपिसं चालतात कशी गं?"