परसातल्या बुडख्यांचा निकाल : माझा अनुभव

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या परसातले वठलेले दोन माड आणि भिंतीला लागलेला एक सागवान तोडण्यासाठी 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची रीतसर परवानगी घेतली. तोडणी सुरळीत झाली. खरा प्रश्न त्यानंतर उरलेल्या बुडख्यांचा होता.

माडाचा बुडखा आपोआप कुजू द्यावा, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, कारण कुजणाऱ्या माडाच्या खोडातच गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या तिथेच पोसल्या जातात आणि बाहेर पडलेला भुंगा शेजारच्या धडधाकट माडाचा कोवळा कोंब पोखरतो. आमच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे फळते माड असल्याने हे बुडखे काढणे मला कर्तव्यच वाटले. माडाला सोटमूळ नसते, दोरीएवढ्या जाडीच्या असंख्य मुळ्या असतात. म्हणूनच पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्या कामगाराला, मी माड जमिनीलगत न कापता कमरेइतका बुंधा राखायला सांगितले होते. भोवताली चर खणून, पहारीने मुळ्या तोडून, त्या बुंध्याला दोर बांधून ओढल्यावर तोच तरफेसारखा उपयोगी पडला आणि बुडखा कलला. बाहेर काढलेली खोडे पावसाळ्याआधी फोडून वाळवली आणि न्हाणीच्या चुलीत जाळून संपवली. ओल्या खोडांची रास परसात ठेवली असती, तर भुंग्याची सोय तेवढी झाली असती.

सागवानाचे गणित निराळे. त्याची मुळे जांभ्याच्या जोत्याखाली शिरलेली असल्याने यंत्र लावून उपटणे म्हणजे भिंतीला तडा मागणे होते. रॉकेल ओतून जाळण्याचा सल्ला छपराच्या भीतीने आणि मीठ भरण्याचा सल्ला मातीच्या काळजीने मी बाजूला ठेवला. साग तोडल्यावरही जोमाने फुटतो, कारण मुळांत अन्नसाठा शिल्लक असतो. तेव्हा पाने उलगडण्याआधीच प्रत्येक फुटवा मुळापासून खुडत राहिलो. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण फुटवे वर्षागणिक बारीक होत गेले. माडांच्या खड्ड्यांत मात्र माती जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावी, कारण पहिल्याच पावसात ती खाली बसते.