आरएक्स १०० बघायला गेलो त्याची गोष्ट

यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. सगळ्यात शेवटची गाडी धरली तरी ती तिशीला आलेली. एवढ्या वर्षांत इंजिन किती जणांनी खोललं, ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर) किती वेळा बोअर झाला, म्हणजे आतून कापून मोठा केला, टाकी कुठली, सायलेन्सर कुठला, याचा हिशोब खुद्द मालकाकडेही नसतो. आणि भाव ऐकाल तर त्यात शोरूममधून नवी गाडी येईल.

मला ती हवीच होती, त्यामुळे त्यावर वाद नाही. मिरजेतले आमचे मिस्त्री टू-स्ट्रोकचे, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या इंजिनांचे, जुने जाणकार. सोबत चला म्हटलं तर ते जागचे हलेनात. "इंजिन बघायला मला आत्ताच नेऊ नका. इंजिन काय, पैसे टाकले की मी नवं करून देतो. कागद आणि चेसी आधी तुम्ही बघून या. ते मला करता येत नाही." पुढं मी सगळं याच क्रमानं केलं.

पहिली गाडी निपाणीकडची. केए-२३ पासिंग, चेरी रंग, क्रोम असं की तोंड बघावं. 'फुल रिस्टोअर' असं मालक म्हणाला. रिस्टोअर शब्द ऐकला की मी तरी आता दहा हजार मनातल्या मनात कमी करतो, कारण नवा रंग काय झाकतो ते रंगवणाऱ्यालाच माहीत. चेसी नंबर हँडलच्या गळ्यापाशी असतो. तिथं पेट्रोलचं फडकं फिरवलं, पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आरटीओत प्रिंट घेतात तशीच. कंपनीचे आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे उठतात. इथं मधले दोन आकडे खाली बसलेले, आणि भोवतीचा पत्रा नखाला गुळगुळीत लागत होता, ग्राइंडर फिरल्यावर लागतो तसा.

"रंगाला घासलंय ओ, म्हणून तसं वाटतंय."

रंगासाठी टाकी घासतात, पॅनेल घासतात. नंबर कोण घासतं? चहा पिऊन निघालो. तसंही कर्नाटक पासिंगची गाडी इकडं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, मग एमएच नंबर, एवढं सगळं आलं. चेसी निर्मळ असती तर तेही केलं असतं.

दुसरी सांगलीतलीच. पोरगा प्रामाणिक होता. "दादा, ब्लॉक १३५ चा बसवलाय, पोर्टिंग केलंय, उडते गाडी," असं त्यानं आपणहून आणि कौतुकानं सांगितलं. आरसीवर मात्र ९८ सीसी, म्हणजे इंजिन कागदाशी जुळत नाही. ऑटोल्यूब पंप, म्हणजे इंजिनाला ऑइल आपोआप सोडणारा पंप, काढून टाकलेला, ऑइल थेट पेट्रोलमध्ये ओतायचा. पंप काढणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ जण काढतात. पण ऑइल मिसळायचं एकदा विसरलं की पिस्टन जाम. गाडी खरंच उडत होती. एवढ्या हौसेनं उडवलेल्या क्रँकमध्ये किती जीव उरलाय ते कुणी सांगावं! नमस्कार करून परत फिरलो.

तिसरी तासगावकडं, द्राक्षबागेच्या शेडमध्ये औषधांच्या बॅरलमागं उभी होती. एमएच-१० पासिंग, काळी, रंग मूळचा, टाकीला एका बाजूला पोचा. कुणी काही लपवलं नव्हतं, कारण कुणी तिला हातच लावला नव्हता. पेन्सिल फिरवली, आकडे सरळ उठले. इंजिनाचा नंबरही आरसी बुकाशी जुळला. टाकीखाली आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या जोडापाशी वेल्डिंग नव्हतं. समोर उभं राहून एक डोळा मिटून बघितलं तर पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत.

अडचण बुकात होती. गाडी वडिलांच्या नावावर, आणि वडील वारलेले. वर आरसीची मुदत संपलेली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओत तपासणी, करून आरसी पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. इथं ते राहून गेलं होतं. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर गाडीच दिसेना. एवढ्या जुन्या गाड्यांच्या नोंदी पुष्कळदा कागदी रजिस्टरमधून संगणकावर आलेल्याच नसतात, त्यासाठी आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते.

इथं बहुतेक लोक दोन चुकीच्या वाटा धरतात. कुणी म्हणतं, कोऱ्या फॉर्मवर सही घे आणि चालव. मयत माणसाची सही कोण करणार? दुसरे म्हणतात, कागद सोड, पार्ट म्हणून घे. मग ती गाडी रस्त्यावर कशी आणायची? मी मुलाला सांगितलं, "भाऊ, थोडा इसार देतो, पण गाडी आधी तुमच्या नावावर करून घ्या." बॅकलॉग एंट्री, मग मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र आणि गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१, मग मुदतवाढीचा फॉर्म २५, पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि गाडी दाखवून पासिंग. हे सगळं झाल्यावरच आमचे विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. दंड कुणी भरायचा यावर थोडी घासाघीस झाली. अर्धा-अर्धा ठरला. आरटीओचे हेलपाटे त्यांनी मारले, झेरॉक्सचे पैसे मी दिले.

गाडीला मुलाचं नाव लागलं तेव्हा मिस्त्री आले. आदल्या रात्रीच फोन करून ठेवला होता, गाडी सकाळी चालू करू नका. पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा हात ब्लॉकवर ठेवला. थंडगार. आधीच तापवलेली गाडी एका किकला चालू होतेच, त्यात तिचं कौतुक नाही. मग किक हातानं दाबून बघितली, कॉम्प्रेशन हाताला लागतं का ते. लागत होतं, फार नाही.

चालू झाली तशी शेडभर धूर. मी मिस्त्रींकडं बघितलं, ते सायलेन्सरकडं. "राहू दे. टू-टी ऑइल आहे, साठलेलं जळतंय." थोड्या वेळानं धूर विरळ झाला. तो तसाच दाट राहिला असता आणि गिअर ऑइल कमी भरलं असतं, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि गिअर ऑइलच जळतंय असं समजायचं. मॅग्नेटच्या, म्हणजे दुसऱ्या, बाजूचं सील गेलं तर धूर येत नाही. तिकडून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, रेसिंग आपोआप चढतं आणि एक दिवस पिस्टन धरतो. म्हणून त्यांनी गाडी बराच वेळ नुसती स्लोवर ठेवली आणि कान देऊन बसले. आयडल जागेवर राहिला.

मग प्लग काढला. टोक कॉफीच्या रंगाचं, म्हणजे मिश्रण बरोबर. ऑइल पंप जागेवर, ट्यूबमध्ये हवेचे बुडबुडे नाहीत. वरून बारीक खडखड येत होती. ती पिस्टनची, असं ते म्हणाले. कनेक्टिंग रॉडची टकटक वेगळी येते, खालून, रेस सोडताना. हेड काढू दिलं मालकानं, हे विशेष. पिस्टनवर ०.५० चा शिक्का. म्हणजे ब्लॉक मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा झालेला, ०.७५ आणि १.०० असे दोन बोअर अजून शिल्लक. माझ्या मते हा शिक्का मीटरच्या आकड्यापेक्षा खरा; मीटरची केबल तर कधीचीच तुटलेली.

चालवून बघताना चौथ्यात एकदम रेस दिली तर आवाज चढला, गाडी मागं राहिली. क्लच प्लेट. पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवली की हँडलमध्ये कट्ट वाजायचं. कोन सेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग. मागचं चाक आडवं हलत होतं. स्विंग आर्मचे बुश. मिस्त्री कागदावर लिहीत गेले आणि तोच कागद मालकापुढं ठेवला. भाव त्या कागदावरच उतरला, मला फार बोलावं लागलं नाही.

आता बोअर झालाय, क्लच झालाय. पोर्टलवर नंबर दिसायला लागल्यामुळे एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरपाटीचं, बुकिंगही झालं. मागचा मडगार्ड तेवढा ओरिजिनल शोधतोय. कुणाकडं असला तर भाव मिस्त्रींना सांगा, मला सांगू नका. मी लगेच हो म्हणतो.