गर्दीच्या सुटीत शहराला सायकलने फेरी

सार्वजनिक सुटीच्या दिवशी शहरात गर्दी वाढते असे सरसकट म्हटले जाते, पण सायकलवरून फिरताना असे दिसते की गर्दी वाढण्यापेक्षा जागा अधिक बदलते. कचेऱ्या आणि न्यायालयांचा जो भाग एरवी सकाळी दहाला तुंबलेला असतो तो सुटीच्या दिवशी ओस पडतो; उलट बागा, पाण्याकाठचे रस्ते, मैदाने आणि बाजारपेठ येथे दुपारनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून आम्ही दोघांनी शहराला पूर्ण फेरी घालण्याचे ठरवले तेव्हा अंतरापेक्षा वेळेचा विचार आधी केला: जिथे संध्याकाळी कार्यक्रम होणार तो पाण्याकाठचा भाग पहाटेच उरकायचा, बाजार भरायच्या आत त्याच्या कडेने निघून जायचे आणि दुपार कचेऱ्यांच्या रिकाम्या रस्त्यांवर काढायची.

निघण्यापूर्वी फेरीची दिशा ठरवली, आणि मागाहून जाणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असतील तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरावे, म्हणजे बहुतेक वळणे डावीकडची येतात आणि समोरून येणारी वाहतूक ओलांडावी लागत नाही. जिथे वाहने उजव्या बाजूने चालतात तिथे याच्या उलट.

पाण्याकाठचा रस्ता उजाडताना कठडे आणि मांडव उभारणाऱ्या कामगारांच्या ताब्यात होता. ध्वनिक्षेपकांच्या जाड वायरी रस्त्यावरून आडव्या टाकून त्यांवर रबरी पट्ट्या बसवल्या होत्या. अशी पट्टी तिरकी ओलांडली तर पुढचे चाक तिच्या कडेला लागून घसरते. त्यामुळे ती काटकोनात ओलांडावी, सीटवरून किंचित उठावे आणि चाक पट्टीवर असताना ब्रेक दाबू नये. सजावटीच्या फिती आणि सुतळीचे तुकडे हे दुसरे संकट. ते मागच्या चाकाच्या गिअरमध्ये गुंडाळले गेले की पॅडल जड होते, आणि तेव्हा जोर लावण्याऐवजी लगेच उतरून ते सोडवणे शहाणपणाचे.

खरी परीक्षा बाजाराच्या कडेने सुरू झाली. अपेक्षेपेक्षा लवकर वर्दळ वाढली होती आणि गाडी लावायला जागा शोधणारे चालक रेंगाळत, अचानक थांबत, न सांगता वळत होते. उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर अंतर ठेवल्याने आतून उघडलेल्या दारांचा आम्हाला उपद्रव झाला नाही. मागचा एखादा हॉर्न वाजवतो, तो वाजवू द्यावा. पादचाऱ्यांचे मात्र वेगळे आहे. छायाचित्र काढणारा माणूस मोबाइलच्या पडद्याकडे पाहत, सगळे चेहरे चौकटीत बसावेत म्हणून, पाठीमागे सरकत सरकत थेट रस्त्यावर येतो, आणि त्याच्या पाठीला डोळे नसतात. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे ४ मीटर जाते, ताशी २५ ने सुमारे ७ मीटर. म्हणजे धोका दिसून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. म्हणून जिथे माणसे आहेत तिथे दोन्ही हातांची बोटे ब्रेकवर ठेवावीत आणि वेग ताशी दहाच्या आसपास आणावा. घंटी लांबूनच, एकदाच वाजवावी. अगदी जवळ येऊन वाजवली तर माणूस दचकतो आणि नेमका आपल्याच बाजूला उडी मारतो.

वेग चालण्याइतका खाली आला की तोल सांभाळण्यात सगळे लक्ष जाते आणि सायकल नागमोडी होऊ लागते. अशा वेळी सरळ उतरावे. सायकल ढकलताना तिच्या डाव्या बाजूने चालावे, कारण चेन उजवीकडे असते आणि कपडे काळे होण्यापासून वाचतात. कठडे लावून बंद केलेल्या रस्त्यांवर तैनात पोलिसाला आम्ही आधीच उतरून विचारले, तेव्हा पायी सायकल नेण्यास त्याने हरकत घेतली नाही. अर्थात हे सर्वत्र होईलच असे नाही.

कचेऱ्यांच्या भागात दुपार निवांत गेली, फक्त तिथे मोजकीच वाहने असली तरी ती सुसाट असतात आणि काही चालक सिग्नल जुमानत नाहीत, त्यामुळे हिरवा दिवा लागल्यावरही दोन्हीकडे पाहूनच पुढे जावे.

सुटीला दुरुस्तीची दुकाने बंद असतात, तेव्हा जादा ट्यूब, टायर उतरवण्याच्या पट्ट्या आणि पंप जवळ हवाच. चाकांत हवा कमी असली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटते आणि पंक्चर होते, म्हणून हवा सकाळीच तपासावी. दाट गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते. नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेवावा आणि चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधीच ठरवावी. बाहेर सायकल लावायची झाल्यास कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून घालावे, आणि मिरवणुकीच्या मार्गावरील खांबाला ती बांधू नये, कारण रस्ता मोकळा करताना ती हलवली जाऊ शकते.

परतीची वेळ सर्वांत महत्त्वाची. कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात पादचारी, बस आणि खासगी गाड्या एकाच वेळी रस्त्यावर येतात आणि चालक थकलेले असतात. आम्ही अंधार पडण्यापूर्वीच शहराच्या बाहेरच्या रस्त्याला लागलो. कार्यक्रम पाहायचाच असेल तर तो संपण्याच्या थोडे आधी उठावे, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत तासभर तिथेच बसून राहावे. दोन्ही स्थितींत पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सोबत असावा.