‘रागीट’ म्हणून पाठवलेला माणूस

मी कर्मचारी साहाय्य कार्यक्रमात समुपदेशक आहे. पैसे कंपनी भरते, कर्मचारी किंवा त्याच्या घरचे फोन करतात, आणि कोणी फोन केला हे कंपनीला कळत नाही. बहुतेक जण आपणहून येतात. थोडे वरिष्ठांनी पाठवलेले असतात, तसाच हाही.

त्याच्या सुपरवायझरच्या पत्रात एकच ओळ होती: ‘रागीट स्वभाव, समुपदेशनाची गरज.’ अशी पत्रं वाचून मी वैतागते. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत दारूच्या प्रश्नावरून हे कार्यक्रम सुरू झाले, आणि पुढे अनुभवातून एक नियम पक्का झाला की वरिष्ठाने निदान करायचं नाही. किती उशीर, किती खाडे, कामात कुठे चूक, एवढंच लिहायचं. प्रशिक्षणात आम्ही हेच घोकून घेतो, तरी पत्रात ‘स्वभाव’ येतोच.

फोनवर माणूस ताठ होता. “मला काही झालेलं नाही. सही कुठे करायची सांगा.”

पाठवलेल्या माणसाशी बोलताना मी आधी संमतिपत्र घेते. घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. कंपनीला काय सांगायचं याचे वेगवेगळे रकाने असतात: आला की नाही, ठरल्याप्रमाणे येत राहिला का, कामाबाबत काही शिफारस, आणि आणखी काही. प्रत्येक रकाना त्याच्या हातात. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद, तोही आधीच सांगून. मी एकेक रकाना वाचला. त्याने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, “फक्त पहिला. आलो होतो, एवढंच कळू दे त्यांना.”

त्यानंतर तो बोलायला लागला. बायकोचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास, वर जाणं-येणं. केंद्रात मिळालेली वेळ सहसा बदलून मिळत नाही. इकडे त्याच्या विभागात शिफ्टचा तक्ता ऐन वेळी लागायचा. रात्रपाळी करून तो थेट केंद्रात जायचा, तिथल्या खुर्चीवर डुलकी काढायचा आणि पुन्हा कामावर. ज्या भांडणावरून पत्र आलं होतं, ते दुसऱ्यांदा आयत्या वेळी ड्युटी बदलल्यावरचं. साहेबांना काही सांगितलं नव्हतं. पूर्वी घरची अडचण सांगितलेल्या एका सहकाऱ्याची बढती मागे पडली होती, आणि ते त्याच्या चांगलं लक्षात होतं.

यात मी स्वभाव कुठला सुधारणार? झोप, धास्ती, बायकोशी बोलणं यावर आम्ही काम केलं, आणि त्याचा उपयोगही झाला. पण मूळ दुखणं तक्त्यात होतं. पुढच्या एका भेटीत त्याने आपणहून शिफारशीच्या रकान्यावर खूण केली. वाक्य आम्ही दोघांनी मिळून केलं: ‘कामाच्या वेळा स्थिर असाव्यात आणि बदल किमान आठवडाभर आधी कळावा.’ कारणाचा उल्लेख नाही.

त्याच दिवशी सुपरवायझरचा फोन आला. “मॅडम, मी माणूस दुरुस्तीला पाठवला, आणि तुम्ही मला रोस्टर शिकवताय? त्याला झालंय तरी काय?” सांगता येणार नाही, असं मी सांगितलं. ते चिडले. पण वाईट माणूस नव्हे तो. उत्पादनाचं ओझं त्यांच्याही डोक्यावर होतं. त्यांना विचारलं, स्थिर वेळ देऊन पाहिली तर काय अडेल? बराच वेळ गेल्यावर म्हणाले, “दुसऱ्या कोणाशी अदलाबदल करून बघतो.” ती झाली. खाडे थांबले, भांडणंही. कंपनीला एक अनुभवी कारागीर टिकवता आला. कोणाची तरी चूक काढायला नव्हे, अशा कामासाठी हा कार्यक्रम असतो.

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच छोट्या विभागातून आणखीही फोन आलेत, आणि कारण तेच, आयत्या वेळी बदलणारी पाळी. कंपनीला जाणाऱ्या तिमाही अहवालात फक्त आकडे असतात, आणि लहान गटाचे आकडे आम्ही दाखवत नाही, कारण माणूस ओळखला जातो. हा नियम मी कधीच मोडणार नाही. तो मोडला तर पुढचा फोन येणारच नाही. पण त्यामुळे तक्ता लावणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि आम्ही एकेकाला सावरत बसतो.

अहवाल सादर करणारा आमचा सहकारी पहिल्या स्लाइडवर जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा टाकतो: नैराश्य आणि चिंतेपायी जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. आकडा खरा आहे. पण त्याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना कामाची रचना बदला आणि वरिष्ठांना प्रशिक्षण द्या असंही सांगतात. ते स्लाइडवर कधी येत नाही. कंपनीला दुखावू नये, असं त्याचं म्हणणं. मला ते मुळीच पटत नाही.

या वेळी मी विभागाचं नाव न घेता, संपूर्ण कंपनीच्या आकड्यांत ‘कामाच्या वेळांमुळे ताण’ असा वेगळा वर्ग टाकला. सहकाऱ्याने तो ‘इतर’मध्ये ढकलला. मी परत बाहेर काढला आणि वरच्यांना लेखी कळवलंय. अहवाल सोमवारी जायचा आहे.