दादाच्या डोक्यातील दाब

पूर्व द्रुतगती मार्गावर दुचाकी घसरून दादाचे डोके दुभाजकावर आपटले, तरी रुग्णालयात आणल्यावर तो अडखळत का होईना बोलत होता. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला मेंदूला मार लागून थोडे रक्त साकळलेले दिसले, आणि त्या 'थोडे' शब्दावर आम्ही सगळे विसंबलो. डॉक्टरांनी मात्र मेंदूची सूज पुढचे दोन-तीन दिवस वाढू शकते, असे बजावले होते. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद, पोलिसांचा जबाब वगैरे सोपस्कार होत असतानाच दादाची शुद्ध हरपू लागली आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतले.

कवटी ताणली जात नाही, त्यामुळे सूज आली की आतला दाब वाढतो, मेंदूला रक्त कमी पोहोचते आणि सूज आणखी वाढते, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. एरवी 15 मिमी पाऱ्याच्या आत असणारा हा दाब 22 च्या वर टिकला तर उपचार वाढवावे लागतात. खाटेचा डोक्याकडचा भाग 30 अंश उचललेला, मान सरळ, गुंगीची औषधे चालू आणि मेंदूची सूज उतरवणाऱ्या मॅनिटॉल या औषधामुळे भराभर भरणारी लघवीची पिशवी. सिस्टर तिचे माप दर तासाला लिहीत. 'कधी शुद्धीवर येईल' यापेक्षा 'दाब किती आहे, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत' हे विचारले की नेमके उत्तर मिळते, हे आम्हांला तिथेच उमगले.

औषधांना दाब जुमानेना आणि डावी बाहुली मोठी झाली, तेव्हा कवटीचा एक भाग काढण्याचे ठरले. या शस्त्रक्रियेने मेंदूची इजा भरून निघत नाही, सुजेला फक्त जागा मिळते, आणि जीव वाचला तरी अपंगत्व राहू शकते, हे ऐकूनच वहिनीने सही केली. "काढलेलं हाड कुठे ठेवणार?" हा तिचा प्रश्न मला अवेळी वाटला, पण तो अगदी योग्य होता: ते दादाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवले गेले, म्हणजे जपायच्या जखमा दोन झाल्या. बँडेजवर ठळक अक्षरांत 'नो बोन' लिहिले होते. हाड काढलेल्या बाजूच्या कुशीवर त्याला वळवायचे नव्हते.

काही महिन्यांनी हाड परत बसवले. तोवर फिजिओथेरपीला उभे राहतानाही दादा हेल्मेट घालत असे. उजव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, शब्द उशिरा सुचतात, आणि फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत.