स्थापत्य अभियांत्रिकीतून पाण्याच्या धोरणाकडे

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेताना आम्ही सांडवा, मातीचा भराव आणि कालव्याचा उतार यांची आकडेमोड पुष्कळ केली. पण कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या लहान पाटांपैकी शेवटच्या पाटाला, म्हणजे टेलच्या चारीला, पाणी का पोहोचत नाही, हा प्रश्न अभ्यासक्रमात कुठेच नव्हता. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी जलधोरण हा विषय घेतला तो या प्रश्नापायी. मी पाटबंधारे खात्यात लागावे, असे घरच्यांचे अजूनही म्हणणे आहे, आणि ते अगदीच गैर नाही.

विषयाची खरी ओळख झाली ती नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास ओझर परिसरात, म्हणजे नेमक्या टेललाच, पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचे पाणी एकत्र घेऊन आपसांत वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, उभ्या केल्या आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. चारीच्या मुखाशी पाणी मोजण्याची व्यवस्था असते. पट्टीवरची उंची वाचायची, कोष्टकावरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते ते, काढायचा आणि वहीत नोंदवायचा, एवढेच ते काम. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाई, त्यामुळे वरच्याने रात्रभर पाणी लावले तरी बिलात फरक पडत नसे. घनमापन पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्यावर, संस्थेचा कोटा ठरला, की वाया गेलेले पाणी आपल्याच वाट्यातले जाते, हे सर्वांना दिसू लागते. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने हीच पद्धत राज्यासाठी स्वीकारली. कायदा होण्याआधी तो टेलच्या शेतकऱ्यांनी वापरून पाहिला होता, असे म्हणायला हरकत नाही.

गोदावरी खोऱ्याच्या पातळीवर हाच वाद वरची नाशिक-नगरची धरणे आणि खालचे मराठवाड्यातले जायकवाडी धरण यांच्यात आहे. तिथे जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचे तक्ते आणि धरणांतला १५ ऑक्टोबरचा साठा यांवर वरून पाणी सोडायचे की नाही ते ठरते. दरवेळी प्रकरण तापते, पण निदान भांडायला आकडे तरी असतात.

माझ्या प्रबंधाचा विषय मात्र या दोन्हींच्या मधे अडकलेला आहे. कालव्याचे पाझरलेले पाणी लाभक्षेत्रातल्या विहिरींत उतरते, तिथून मोटारीने उपसले जाते आणि ते चारीवरच्या वहीत येत नाही. भूजलाचा कायदा वेगळा, तो सांभाळणारी यंत्रणाही वेगळी. मग हे पाणी संस्थेच्या कोट्यात धरायचे की विहीरमालकाच्या, यावर मी सध्या सभासदांची मते नोंदवत आहे, आणि विहीर असलेल्यांचे व नसलेल्यांचे उत्तर अर्थातच एक नाही.